मिडास : नदीचं मूळ आणि राजाचं कूळ

सांगाती :

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्या म्हणीत राजांचं नाव नाही, म्हणून हा धागा काढायची हिंमत करतोय.

मिडास आपल्याला शाळेपासून माहीत. हात लावेल त्याचं सोनं, मग घासाचंही सोनं, मग लाडक्या लेकीचंही. (लेकीचा भाग मूळ गोष्टीत नाही बरं का. तो एकोणिसाव्या शतकात एका अमेरिकन लेखकाने घुसडला आणि जगभरच्या बालभारत्यांनी उचलला.) ग्रीकांनी त्याला गाढवाचे कानही चिकटवले. एवढं झाल्यावर हा माणूस खरोखर होऊन गेला असेल, अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही.

पण तो होता. मध्य तुर्कस्तानात, फ्रिजियाच्या गादीवर. असिरियाचा (आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याचा) राजा दुसरा सारगॉन त्याला 'मुश्कींचा मिता' म्हणतो आणि इ.स.पू. ७१७ पासून त्याच्या नावाने बोटं मोडतो. इ.स.पू. ७०९च्या सुमाराला मात्र सूर बदलतो. सारगॉनने आपल्या सरहद्दीवरच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र सापडलंय. त्यात तो खुशीत आहे, कारण कुए (म्हणजे आजच्या अदानाच्या आसपासचा मुलूख) इथून उरार्तु या असिरियाच्या शत्रूराज्याकडे गुपचूप निघालेले १४ वकील मिताने पकडून असिरियनांच्या हवाली केले होते. ज्याच्या कानांवर आपण हसतो, त्याचं परराष्ट्र धोरण हे असं होतं.

गेल्या वर्षी मी फ्रिजियाच्या जुन्या राजधानीला, गॉर्डियनला गेलो. अंकाराहून बसने पोलातली, तिथून टॅक्सीने यासिह्योयुक नावाचं छोटं गाव. गव्हाची शेतं, मेंढ्या आणि मधेच एक टेकाड. टेकाड कसलं, माणसांनी माती ओतून रचलेली समाधी! आजही ५३ मीटर उंच, म्हणजे सतरा-अठरा मजली इमारत. पुरातत्त्ववाल्यांनी पाडलेल्या बोगद्यातून आत जायचं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत अंगावर काटा येईल असा गारवा. शेवटी लोखंडी गजांच्या पलीकडे जुनिपरच्या अखंड ओंडक्यांची खोली. पावणेतीन हजार वर्षं झाली तरी लाकूड उभं आहे. १९५७ साली ती उघडली तेव्हा आत साठी ओलांडलेल्या एका ठेंगण्या माणसाचा सांगाडा, मोठाल्या कढया, कांस्याच्या शंभरेक वाट्या, दीडशेहून जास्त पिना, कोरीव टेबलं असं सगळं मिळालं. सोनं मात्र एक गुंजभरही नाही.

खोलीतलं लाकूड इ.स.पू. ७४०च्या आसपास तोडलेलं आहे. मिता तर त्यानंतर तीस वर्षांनीही कागदोपत्री जिवंत आहे. म्हणजे 'मिडासचा ढिगारा' हे नाव लोकप्रिय असलं तरी आत बहुधा त्याचा बाप किंवा आधीचा राजा असावा. इथपर्यंत फारसा वाद नाही.

वाद पुढे आहे. हे घराणं आलं कुठून?

पुस्तकं उघडा, ठरलेलं उत्तर मिळतं. फ्रिजियन लोक मूळचे युरोपातले, नाव ब्रिगीज. मॅसेडोनियाच्या शेजारी राहायचे, मग सामुद्रधुनी ओलांडून आशियात आले आणि नाव बदललं. आधार ग्रीक इतिहासकार हेरोडोटस. पण हेरोडोटसचं वाक्य नीट वाचा. तो म्हणतो, 'मॅसेडोनियन सांगतात त्याप्रमाणे'. स्वतःच्या अंगावर घेत नाही. दुसऱ्या जागी तो मॅसेडोनियाच्या राजघराण्याची मूळकथा सांगतो. तीन भाऊ पळून येतात आणि बेर्मियन डोंगराखाली 'गॉर्डियसच्या मुलाच्या, मिडासच्या बागां'जवळ वस्ती करतात. त्या बागेत साठ पाकळ्यांचे गुलाब आपोआप उगवतात म्हणे.

आता मला सांगा, यात कुणाचा फायदा आहे? फ्रिजियाचा की मॅसेडोनियाचा? जगप्रसिद्ध श्रीमंत राजा मूळचा आमच्या परसातला, ही बढाई कोण मारणार?

माझं म्हणणं सरळ आहे. फ्रिजियन भाषा बोलणारे लोक पश्चिमेकडून आले असतील, नव्हे आलेच असतील. पण मिडासचं घराणं घेऊन कुणी आलं नाही. गादी गॉर्डियनच्या मातीत तयार झाली. स्थलांतर लोकांचं झालं, राजाचं नाही. राजाला मागाहून त्या काफिल्यात बसवलं.

खोडून काढायला या.

अश्मक :

लेख छान, पण निष्कर्षावर उडी मारलीत.

'मॅसेडोनियनांचा फायदा' हा मुद्दा ऐकायला गोड आहे. अलेक्झांडर गॉर्डियनला आला, तिथली कुणालाच न सुटलेली गाठ तोडली, म्हणून मॅसेडोनियनांनी मिडासला आपलासा केला, असं तुम्हाला सुचवायचंय ना? ती गाठ इ.स.पू. ३३३ची. हेरोडोटस त्याच्या शंभरेक वर्षं आधी लिहून मोकळा झाला होता. तेव्हा मॅसेडोनिया ग्रीक जगाच्या कोपऱ्यातलं एक संस्थान होतं, त्यांच्या बढाईला कोण विचारतो?

आणि साक्षीदार तो एकटाच नाही. झँथस हा लीडियाचा इतिहासकार, म्हणजे फ्रिजियाचा अगदी शेजारी. त्याचं पुस्तक हरवलं, पण स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने त्याचं म्हणणं नोंदवलंय : ट्रोजन युद्धानंतर फ्रिजियन लोक युरोपातून आले. याला मॅसेडोनियाशी काय घेणं-देणं?

माणसं खोटं बोलतात, पण व्याकरणाला खोटं बोलता येत नाही. फ्रिजियन ही हित्ती किंवा लुवियन या तिथल्या जुन्या भाषांची बहीण नाहीच. ती ग्रीकच्या सर्वांत जवळची. जुन्या शिलालेखांत क्रियापद येतं 'एदाएस', म्हणजे ठेवलं, केलं, अर्पण केलं. सुरुवातीचा तो 'ए' ओळखला? आपल्या संस्कृतच्या 'अभवत्', 'अगच्छत्' मधला 'अ'. बहुतेकांच्या मते धातूही आपल्या 'धा'चाच सख्खा. हा भूतकाळाचा उपसर्ग ग्रीकमध्ये आहे, संस्कृतमध्ये आहे, इराणी भाषांत आहे. हित्तीमध्ये नाही.

रोमन काळातल्या फ्रिजियन थडग्यांवरची शिवी घ्या : 'इओस नि सेमून क्नूमानेइ काकून अद्दाकेत', जो कुणी या थडग्याला वाईट करील... 'इओस' म्हणजे चक्क आपला 'यः'. हित्ती माणूस तिथे 'कुइश' म्हणेल. एवढं सगळं अनातोलियाच्या (म्हणजे आजच्या आशियाई तुर्कस्तानच्या) मातीतून उगवलं का?

(अवांतर : थडग्यावर शिव्या कोरायची ही पद्धत वाचली की आपले शिलाहारकालीन गधेगाळ आठवतात. तिथेही गाढव आहेच. मिडासच्या कानांना शांती लाभो.)

कळीचा नारद :

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

एक भाबडी शंका. मिता म्हणजे मित्र तर नव्हे? तुर्कस्तानातच बोगाझक्योयला मित्र, वरुण, इंद्र, नासत्य यांची नावं असलेला तह सापडला ना? मग हा मिता आपल्यातलाच कुणी का नसावा? आपलेच लोक तिकडे गेले, राज्य केलं, आणि आपण इथे ग्रीकांची साक्ष काढत बसलोय.

सांगाती :

@कळीचा नारद : आलात का! तो तह हित्ती आणि मितानी राजांमधला, इ.स.पू. चौदाव्या शतकातला. मितानी राज्य सिरियाच्या उत्तरेला. मिडास त्यानंतर सहा-साडेसहाशे वर्षांनी, कित्येक कोस पश्चिमेला. आवाज जुळला की नातं जुळलं, असं धरलं तर माझा मामा आणि पेरूमधला लामा एकाच गोत्राचे ठरतील.

पण तुमच्यामुळे एक बरं झालं, नावाचा विषय निघाला. 'मिता' हे नाव फ्रिजियन लोकांच्या आधीचं आहे! एका हित्ती मजकुरात पूर्व अनातोलियातल्या पाख्खुवा नावाच्या गावचा मिता येतो. हित्ती बादशहाला भंडावून सोडणारा पुंड. हा मजकूर आपल्या मिडासच्या सहाशेहून अधिक वर्षं आधीचा. @अश्मक, तुमची भाषा पश्चिमेची हे कबूल. मग राजाचं नाव त्या मातीतलं कसं?

झँथसचंही पूर्ण वाक्य द्यायचं होतंत की. त्याने त्या काफिल्याच्या म्होरक्याचं नावसुद्धा दिलंय, स्कामान्ड्रियस. मिडास नाही, गॉर्डियस नाही! म्हणजे शेजाऱ्याला स्थलांतर आठवतंय, पण त्यात हे घराणं नाही.

मिडास स्वतः लोकांना घेऊन आला, ही गोष्ट कधी सापडते? कोनॉन नावाच्या लेखकात, ऑगस्टस बादशहाच्या काळात. हेरोडोटसनंतर चारशे वर्षांनी! त्यात मिडासला खजिना सापडतो, तो ब्रिगीजचा राजा होतो, सगळ्याचं सोनं व्हायला लागतं, आणि त्या संकटाला कंटाळून तो प्रजेला सामुद्रधुनीपलीकडे घेऊन जातो. म्हणजे सोन्याला वैतागून देशांतर. चारशे वर्षांत कथेला किती पाय फुटले पाहा. आधी नुसती बाग, मग काफिला, मग काफिल्याच्या पुढे खुद्द मालक.

डोंगरवाटा :

दोघेही ग्रीकांच्या पोथ्यांवर भांडताय. जमीन काय म्हणते ते बघा.

गॉर्डियनला हित्ती साम्राज्याच्या शेवटच्या काळात चाकावर घडवलेली, ठोकळेबाज, एकसारखी भांडी मिळतात. साम्राज्य इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला कोसळतं. त्यानंतरच्या थरात अचानक हाताने थापलेली, ओबडधोबड मडकी येतात. घरांची पद्धतही बदलते. उत्खनन करणाऱ्यांपैकी अनेकांना यात बाल्कनकडून आलेली माणसं दिसतात. इथपर्यंत अश्मकना मार्क.

पण त्याच काळात पूर्वेलाही काहीतरी चाललंय, ते कुणी बोलत नाही. असिरियाचा पहिला तिग्लथ-पिलेसर इ.स.पू. १११५च्या सुमाराला सांगतो की त्याने पाच राजांच्या हाताखालच्या २०,००० मुश्कींना हरवलं. हे मुश्की पन्नास वर्षांपासून तिग्रिसच्या वरच्या खोऱ्यात पाय रोवून होते. आणि चारशे वर्षांनी सारगॉन मिडासला याच मुश्कींचा राजा म्हणतो. मग मिडास बाल्कनचा की तिग्रिसकाठचा?

अजून एक. २०१९ साली कोन्याजवळ तुर्कमेन-काराह्योयुकला एका शेतकऱ्याने पुरातत्त्वाच्या पथकाला सांगितलं, कालव्यात अक्षरं असलेला दगड पडलाय. मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उतरली. लुवियन चित्रलिपी निघाली. 'महाराजा हार्तापू'ने मुश्का देश जिंकला, तेरा राजे एका वर्षात हातात आले, अशी फुशारकी. लिपीवरून बऱ्याच जणांनी हा लेख इ.स.पू. आठव्या शतकातला ठरवला, म्हणजे मिडासच्याच आसपासचा. काही जाणकार अजून तारखेवर हुज्जत घालतायत. पण शेजारचे लोक या मुलखाला मुश्काच म्हणत होते, हे दिसतंच. 'फ्रिजिया' हे नाव ग्रीकांनी दिलं. आपण ग्रीकांचा चष्मा लावून ग्रीकांच्या दिशेलाच मूळ शोधतोय.

असिरियन कारकून जवळून बघत होते. त्यांना कान-बिन दिसले नाहीत, त्यांना खंडणी दिसली. मी त्यांच्यावर जास्त विश्वास ठेवतो.

अश्मक :

असिरियन कारकुनांवर एवढा विश्वास? अहो, त्यांच्या दफ्तरात नावं शिक्क्यासारखी चिकटतात. डोंगरात कुणी टोळीवाला दिसला की एक ठरलेलं जुनं नाव टाकायचं. आपल्याकडे पश्चिमेकडून समुद्रावरून आला तो 'फिरंगी', मग तो पोर्तुगीज असो की इंग्रज. बाराव्या शतकातले मुश्की आणि आठव्या शतकातले मुश्की एकच, याला नाव सोडून पुरावा काय? पूर्वेकडच्या मुश्कींचं फ्रिजियन भाषेतलं एक अक्षर दाखवा. आणि पश्चिमेला? एस्किशेहिरजवळच्या 'मिडास शहरा'त डोंगर तासून सतरा मीटर उंचीचा दर्शनी भाग कोरलाय, घराच्या भिंतीसारखा, वर त्रिकोणी शिखर, खाली कोनाडा. १८०० साली एका इंग्रज प्रवाशाने तो पाहिला. वर अक्षरं आहेत. आतेस नावाच्या माणसाने हे केलं, 'मिदाइ लावाग्ताएइ वानाक्तेइ', म्हणजे मिडाससाठी, जो लावागेतास आहे आणि वानाक्स आहे.

या दोन पदव्यांवर मी तासभर बोलू शकतो, पण आवरतो. वानाक्स म्हणजे राजा, लावागेतास म्हणजे लोकांचा सेनानी. याच दोन पदव्या, याच जोडीने, ग्रीसमधल्या मायसिनियन (म्हणजे कांस्ययुगातल्या) राजवाड्यांच्या मातीच्या पाट्यांवर मिळतात, इ.स.पू. तेराव्या शतकात. ते राजवाडे जळाले आणि 'लावागेतास' राजदरबारातून गेला. मिडासच्या काळात कुठलाच ग्रीक राजा ही पदवी लावत नव्हता. मग ती फ्रिजियाच्या डोंगरावर कुठून आली? एक तर फ्रिजियन पूर्वजांनी ग्रीकांच्या शेजारी राहताना ती घेतली, नाहीतर दोघांची आजी एक. दोन्ही वाटा बाल्कनकडे जातात.

तेव्हा सांगाती, 'लोक आले, गादी आली नाही' हे तुमचं सूत्र इथेच अडतं. पदवी ही गादीचीच असते. भांडी सामान्यांची, पण 'वानाक्स' कोण म्हणवून घेणार?

सांगाती :

हा मुद्दा लागला. खरंच लागला. पदव्या बाहेरून आल्या, हे मान्य करतो. कालच्या लेखात मी 'गादी गॉर्डियनच्या मातीत तयार झाली' असं ठोकून दिलं, तिथे 'घराणं' एवढंच म्हणायला हवं होतं.

पण पदवी आली म्हणजे वंश आला, हे नाही पटत. पेशवे हा शब्द फारसी. पेशवे इराणहून आले होते का?

तर्कट :

पेशव्यांवर कुणीतरी येणारच होतं :)

मला सारखी आठवण येत्येय ती देवगिरीच्या यादवांची. हेमाद्रीने राजप्रशस्ती लिहिली ती तेराव्या शतकात, यादव ऐन भरात असताना. त्यात चंद्रापासून यदू, मग मथुरा, मग द्वारका, आणि तिथून दृढप्रहार दक्षिणेत येतो. कशी देखणी वाट! ताम्रपट आणि शिलालेख पाहिले तर घराणं नवव्या शतकात चांदवड-सिन्नरच्या बाजूला मांडलिक म्हणून उगवलेलं दिसतं. मथुरेहून खरंच कुणी आलं असेल-नसेल. पण आधी राज्य, मग प्रशस्ती, मग पूर्वज, हा क्रम उलटा कधी होत नाही. मांडलिकाला कुणी चंद्रापर्यंतची वंशावळ लिहून देत नाही.

फ्रिजियाचं नेमकं उलटं झालं, आणि तेच मला रंजक वाटतं. यादवांची वंशावळ यादवांच्याच मंत्र्याने लिहिली. मिडासची त्याच्या शेजाऱ्यांनी. फ्रिजियनांचा हेमाद्री कुठाय? त्यांनी स्वतः जे कोरलं त्यात 'मी अमक्याचा, तमक्या देशाहून आलो' असं काही नाही. त्यामुळे ज्याला जसा हवा तसा मिडास मिळतो. क्युमे गावच्या ग्रीकांना जावई हवा होता, त्यांनी सांगितलं की आमच्या आगामेम्नॉन राजाची मुलगी मिडासला दिली होती. मॅसेडोनियनांना पूर्वाश्रमीचा शेजारी हवा होता. रोमन काळातल्या एका लेखकाने तर कारानस राजाने मिडासला मॅसेडोनियातून हाकलून दिलं असंच लिहिलंय. कालचा शेजारी, आजचा पिटाळलेला शत्रू.

डोंगरवाटा :

तर्कट, चांगलं लिहिलंत, पण यादव इथेच थांबवू या. नाहीतर उद्या धागा सिसोदिया-भोसल्यांवर जाईल आणि संपादक कुलूप लावतील.

शेवंती :

चार दिवस वाचतेय. सगळे बापाच्या मुळावर भांडताय. आईकडे कुणी बघेल का?

अलेक्झांडरचा चरित्रकार एरियन याने दिलेली गॉर्डियसची गोष्ट बघा. हा राजा-बिजा नव्हे, शेतकरी. दोन बैलजोड्या : एक नांगराला, एक गाडीला. एकदा नांगरताना गरुड येऊन जुवावर बसला आणि बैल सुटेपर्यंत हलला नाही. शकुन काय म्हणून हा विचारायला निघाला अनातोलियातल्याच तेलमेससच्या लोकांकडे. ते शकुन सांगण्यात वाकबगार, बायकापोरांसकट. गावाच्या वेशीवर पाणी भरायला आलेली एक मुलगी भेटली. तीही त्याच घराण्यातली. ती म्हणाली, परत जा आणि तिथेच झ्यूस राजाला बळी दे. हा म्हणाला, कसा द्यायचा ते तूच येऊन दाखव. तिने दाखवलं. पुढे लग्न, आणि मुलगा मिडास.

मग फ्रिजियात भाऊबंदकी माजली. देववाणी झाली की बैलगाडी तुमच्यासाठी राजा घेऊन येईल. लोक सभेत तावातावाने भांडत असताना मिडास आई-बापासह गाडीतून समोर येऊन थांबला. त्याला राजा केला. ती गाडी गडावर झ्यूसला वाहिली. अलेक्झांडरने सोडवली (किंवा तोडली, किंवा नुसती खुंटी उपटली) ती गाठ याच गाडीच्या जुवाची.

आता या गोष्टीत स्थलांतर कुठलं आहे? सामुद्रधुनी नाही, मॅसेडोनिया नाही. शेतातून गावापर्यंतचा बैलगाडीचा प्रवास, बस. आणि राजेपणाचं ज्ञान कुणाकडून आलं? पाणी भरणाऱ्या, अनातोलियाच्याच मुलीकडून. बापाकडे बैल होते, शकुनाचा अर्थ आईकडे होता.

दुसरी परंपरा तर मिडासला थेट महामातेचाच मुलगा म्हणते. डोंगरात कोरलेल्या त्या दर्शनी भागांतल्या कोनाड्यात याच आईची मूर्ती बसवत असावेत. शिलालेखांत तिचं नाव 'मातार', कधी 'मातार कुबिलेया'. अश्मक, 'मातार' तुमच्या संस्कृतच्या गोटातलं हे मला दिसतंय, घाई करू नका! शब्द बाहेरचा असेल, पण डोंगरातली आई इथली. ती फ्रिजियनांच्या आधीपासून तिथे होती.

म्हणून मला वाटतं, सांगाती अर्धे बरोबर आहेत. पण त्यांनीही वंशावळ बापाकडूनच मोजली.

अश्मक :

शेवंती, गोष्ट एरियनने सांगितली म्हणजे अलेक्झांडरच्या बरोबरच्या लोकांची साक्ष. मघाशी सांगातींनी याच मॅसेडोनियनांना हितसंबंधी म्हणून कोर्टाबाहेर काढलं होतं. आता ती गोष्ट सोयीची आहे म्हणून आत घ्यायची का?

शेवंती :

घ्यायची, कारण ती त्यांच्या सोयीची नाही. मॅसेडोनियनांनी रचली असती तर गाडी बेर्मियनहून निघाली असती.

चहाबाज :

धागा वाचून माझा चहा तीनदा गार झाला. अभ्यास नाही, पण त्या समाधीवरची एक गंमत सांगतो.

खोली १९५७ला उघडली, पण छपराच्या एका तुळईवर नावं कोरलेली आहेत हे कित्येक दशकं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. अलीकडे, २००७च्या सुमाराला दिसली. चार नावं. त्यातलं एक नाव, मंडळी, 'नाना'. दुसरं मुक्सोस. फ्रिजियन शिलालेखांत 'बाबा'सुद्धा सापडतो. आता फक्त 'आबा' आणि 'तात्या' शोधा म्हणजे आमचा अख्खा वाडा तिकडून आला हे सिद्ध. (नारद, हे विनोदाने लिहिलंय. कृपया फॉरवर्ड करू नका.)

नावं तुळई चढवायच्या आधी कोरलीत म्हणतात. म्हणजे अंत्यसंस्काराला आलेल्यांनी हजेरी लावली असावी. त्यातलंच एक नाव आतल्या एका वाटीवर मेणाच्या पट्टीत लिहिलेलं आहे. वाट्यांतल्या अवशेषांची तपासणी झाली तेव्हा द्राक्षाची दारू, जवाची बिअर आणि मधाची दारू यांचं मिश्रण निघालं. जेवायला बोकडाचं किंवा मेंढ्याचं मटण आणि मसूर. एकूण काय, तेरावं जोरात झालं.

आणि ते सोनं? अंगावरच्या कापडांना पिवळ्या लोहखनिजाचा लेप होता, त्यामुळे ती सोन्यासारखी झळकत असतील, असं काही तज्ज्ञ म्हणतात. हात लावला की सोनं, ही दंतकथा तिथूनही निघाली असेल. मला आपलं मसूर जास्त खरं वाटलं.

डोंगरवाटा :

चहाबाज, तुमच्या चार नावांत एक गोम आहे. 'मुक्सोस' हे पक्कं फ्रिजियन नाव नव्हे. हित्ती दफ्तरात मुक्सुस येतो, मायसिनियन पाट्यांवर 'मो-को-सो' येतो, ग्रीक कथांतला मॉप्सस तोच, आणि किलिकियातले (म्हणजे त्याच अदानाकडचे) राजे आपल्याला 'मॉप्ससच्या घरचे' म्हणवतात. अख्ख्या अनातोलियात फिरणारं नाव. राजाच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांतच असा सरमिसळ पाहुणा असेल तर 'शुद्ध बाल्कन घराणं' कुठे शोधणार?

अश्मक :

शुद्ध मी कधीच म्हटलं नव्हतं. वर जाऊन वाचा. मी म्हटलं पश्चिमेकडून. आणि ते मी सोडणार नाही. तुळईवरची लिपी आणि भाषा कुठली आहे? फ्रिजियन. पाहुणा कुठलाही असो, हजेरीपट कुणाच्या भाषेत आहे ते बघा.

बाकी शेवंतींच्या बैलगाडीवर माझ्याकडे आज उत्तर नाही. शनिवारी लिहितो.

सांगाती :

शनिवारपर्यंत एवढंच. शेवंतींचं मान्य, मी आई पाहिलीच नाही. गॉर्डियनच्या म्युझियममध्ये महामातेची एक दगडी मूर्ती होती. मी तिचा फोटो काढला आणि फाइलला नाव दिलं 'मिडास_०४७'. आत्ता बदललं.

अश्मक, हेरोडोटसने आणखी एक वंशावळ दिलीय, ती तुमच्या शनिवारच्या कामाची. लीडियाचा राजा क्रीसस याच्या दारात एक परागंदा तरुण येतो. नाव विचारल्यावर म्हणतो, मी आद्रास्तोस, मिडासच्या गॉर्डियसचा मुलगा. आजोबा मिडास, बाप गॉर्डियस. पण मिता जाऊन तोवर शंभरावर वर्षं झालीत. इकडे शेतकरी गॉर्डियसचा मुलगा मिडास, बागेतलाही मिडास गॉर्डियसचाच. म्हणजे गादीवर हीच दोन नावं आलटून पालटून, पिढ्यानपिढ्या, आजोबाचं नातवाला. मग बागेतला मिडास कितवा, गाडीतला कितवा, आणि सारगॉनचा कितवा? आपण चार दिवस नेमक्या कुठल्या मिडासवर भांडलो?